मांजरीचं पोट आणि आईचा जवळा

सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे ट्रे बघणं. दात घासायच्या आधी, चहाच्या आधी, मोबाइलच्याही आधी. बेडरूमच्या कोपऱ्यात कपाटाला लागून एक प्लास्टिकचा ट्रे होता, त्यात माती आणि मातीवर मांजरीच्या पिल्लाने रात्रभर केलेलं. एखाद्या सकाळी ते घट्ट दिसेल, असं मला रोज वाटायचं आणि रोज ते पातळच असायचं. पिवळट, कधी हिरवट, कधी नुसती शेंबडासारखी चिकट रेघ. वास असा की जिन्यातून जाणाऱ्यालाही कळावा. मी हातमोजे घालून ते उचलायचे, ट्रे धुवायचे, पिल्लाचं मागचं अंग कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसायचे आणि मग चहा ठेवायचे. किळस येत नव्हती. किळस यायला आत काहीतरी जागं असावं लागतं.

आईला जाऊन तेव्हा थोडेच आठवडे झाले होते. घरात मी आणि बाबा, दोघंच. मी चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, एका खाजगी कंपनीत हिशेबाच्या कामाला. बाबा निवृत्त. सिल्व्हर पार्कमधल्या ज्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहतो तिथे पूर्वी आमच्याच भावकीची भातशेती होती आणि खाडीकडे मिठागरं. शेत गेलं, मिठागर गेलं, त्याच्या बदल्यात हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आला. आता शेजारी गुजराती, वरती उत्तरेकडचे, खाली मराठवाड्यातलं एक कुटुंब आणि आम्ही मूळचे लोक लिफ्टमध्ये सगळ्यांशी हिंदी बोलतो.

आई गेल्यावर मी रडले नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, तक्रार म्हणूनही नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या, वाट पाहायच्या आणि मग स्वतःच रडून घ्यायच्या. मी त्यांना पाणी द्यायचे. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं झालं होतं. हात लावला तर कळतं की काहीतरी आहे, पण ते आपलं नाही.

पिल्लू मिळालं ते आमच्या पार्किंगमध्ये. ऑफिसला निघाले, स्कूटरचं पुढचं चाक वळवलं आणि चाकाखाली ते बसलेलं. हाकललं तरी हलेना. करडं, मूठभर, डोळ्यांच्या कडांना चिकटा. दया आली असं म्हणणं खोटं होईल. मला उशीर होत होता आणि ते बाजूला होत नव्हतं, म्हणून उचललं. उचलल्यावर ठेवायचं कुठे ते सुचेना, म्हणून वर नेलं आणि बाबांच्या हातात दिलं. बाबांनी आयुष्यात कधी मांजर घरात घेतलं नव्हतं. मासे वाळत घालणाऱ्या घरात मांजर म्हणजे चोर. त्यांनी ते हातात धरलं आणि म्हणाले, “हिला काय घालू गो?” मी म्हटलं, “काही घालू नका. मी आल्यावर बघते.” तेव्हापासून ते आमच्याकडे राहिलं. नाव ठेवलं नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या कार्डावर नावाच्या जागी मी त्यांना नुसतं मांजर लिहायला सांगितलं.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बेव्हर्ली पार्कच्या बाजूला. तरुण बाई, केस वर बांधलेले, हातांवर ओरखडे. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. जंत तपासले, जंतांचं औषध दिलं. पोट थांबलं नाही. वाईट साथीचा रोग आहे का ते तपासलं, तो नव्हता. पोटातल्या चांगल्या जंतूंची पावडर दिली, मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन कुस्करून द्यायला सांगितलं, त्यात थोडा उकडलेला लाल भोपळा. दूध अजिबात नाही. घरात फिनाइल वापरायचं नाही. मी सगळं तसंच केलं. सांगितलेलं सगळं तंतोतंत करायची मला सवय झाली होती. आईच्या आजारपणात तेच केलं होतं. तिच्या मूत्रपिंडांनी हात टेकले तेव्हा डॉक्टरांनी मीठ बंद केलं, मसाला बंद केला, पाणीसुद्धा मापून. मिठागरवाल्यांच्या सुनेला मीठ बंद. आई म्हणाली होती, “ह्याच्यापेक्षा श्वास बंद करा.” तेव्हा सगळे हसलो होतो.

पिल्लाचं पोट दोन दिवस बरं राहायचं आणि पुन्हा सुटायचं. प्रत्येक वेळी डॉक्टरीणबाई तेच विचारायच्या. “दूध तो नहीं दे रहे ना?” “नाही.” “बाहेरचं काही खातेय?” “नाही. बेडरूममध्येच असते. दार बंद असतं.” “घरात कोणी अपने खाने से देतं?” “कोणी नाही. वडील आहेत फक्त. ते तिच्या खोलीत जात नाहीत.” एकदा त्यांनी पिल्लाच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून वर उचलली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, मग हळूहळू खाली गेली. हिरड्या बघितल्या. पांढरट होत्या. कातडीखाली सलाइन दिलं, पाठीवर उंटासारखा फुगा आला. त्या म्हणाल्या, “हे असंच चाललं तर ही नाही टिकणार. इतकं छोटं पिल्लू आहे, सुकून जातं.” मी बरं म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांना वाटलं असेल, बाई दगड आहे. मला त्यात काही चूक वाटली नाही.

बिल्डिंगमध्ये आधी सांत्वनाला येणारे लोक आता जुलाबावर सल्ला द्यायला यायला लागले. समोरच्या गुजराती काकी दार उघडं दिसलं की आत. “बेटा, छास दे दो. जीरा डालके.” मी म्हणायचे, “काकी, मांजर आहे ते.” “तो क्या हुआ, पेट तो पेट है.” खालच्या मजल्यावरून इसबगोल आलं. कोणी तरी डाळिंबाची साल उकळून पाजायला सांगितली. एका बाईंनी तर दृष्ट काढायला मिरच्या आणल्या. आईच्या वेळी हे लोक काय बोलावं ते न कळून खुर्चीच्या कडेवर बसायचे. मांजराच्या हगवणीने सगळ्यांची जीभ मोकळी केली.

बाबा मात्र हळूहळू बरे होत होते. हे मला तेव्हा नीट दिसलं नाही, नंतर आठवून कळलं. सुरुवातीला ते हॉलमधल्या खुर्चीत बसून राहायचे, दाढी वाढलेली, टीव्ही बंद. मग हळूहळू दाढी व्हायला लागली. सकाळी खाली जाऊन यायला लागले. संध्याकाळी मी आले की घरात उदबत्तीचा वास असायचा. मला वाटायचं, आईच्या फोटोला लावत असतील. एक दिवस जेवताना म्हणाले, “हल्ली कावला येतो गो खिडकीन.” मी हूं म्हटलं. कावळे सगळीकडेच येतात.

खरं तर मला तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं, कारण कावळ्याची गोष्ट आमच्या घरात साधी नव्हती.

दहाव्याला आम्ही खाडीवर गेलो होतो. पिंड मांडला, सगळे लांब जाऊन पाठ करून उभे राहिले. कावळे होते, भरपूर होते. झाडावर बसून सगळं बघत होते. एकही खाली उतरेना. मग नेहमीचं सुरू झालं, एकेकाने पुढे होऊन हात जोडून बोलणं. काका म्हणाले, पोरीची काळजी करू नको, आम्ही तिचं लग्न लावून देऊ. माझं, त्या वयात. कावळ्यालाही ते पटलं नसावं. आत्या म्हणाली, भावाला आम्ही बघू. कोणी म्हणालं, घराचं नीट करू. ऊन चढलं, बायकांचे पाय दुखायला लागले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे सुटका झाल्यासारखे गाड्यांकडे निघाले. बाबा काही बोलले नव्हते. पुढेही झाले नव्हते. पाण्याकडे बघत उभे होते. गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, “तिचं काय राहिलं ते मला ठाव हाय.” मी विचारलं नाही. मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो.

आता मूळ गोष्टीकडे येते. एका संध्याकाळी घरी आले तर पिल्लाने ओकलेलं होतं. पलंगाखाली, फरशीवर. मी कागद घेऊन वाकले आणि थांबले. त्या ओल्या गोळ्यात बारीक वाकडे गुलाबी तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्याला टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. मी मासे वाळत घालणाऱ्या घरातली, मला ते ओळखायला वेळ लागला नाही. जवळा होता. सुकवलेला जवळा, तो इतका बारीक की एकेक उचलता येत नाही, पण डोळे प्रत्येकाला असतात. लहानपणी मी आईला विचारायचे, हे सगळे आपल्याकडे बघतायत का. आई म्हणायची, “बघू दे, आपण पण त्यांना बघू,” आणि मूठभर तव्यावर टाकायची.

घरात जवळा नव्हता. आईच्या आजारपणापासून नव्हता. मी करत नव्हते, बाबांना चहासुद्धा करता येत नव्हता. आधी मला वाटलं शेजारून आला, मग आठवलं की समोरच्या काकींच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “सुकी मच्छी? मीठ, मिरची? लसूण भी?” मी म्हटलं, आमच्यात जवळा लसणाशिवाय होत नाही. त्या एकदम गंभीर झाल्या. लसूण मांजराला विष असतो, अंगातलं रक्त कमी होतं, हिरड्या म्हणूनच पांढऱ्या दिसत होत्या. “जो कोणी देतंय त्याला थांबवा. नाहीतर औषध देऊन काही उपयोग नाही.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना नाक्यावर मासेवाली दिसली. चौक गावची बाई, बस आणि रिक्षा बदलून टोपली घेऊन येते, आईची जुनी ओळख. मला बघून म्हणाली, “तुझा बापूस नेतो की जवला. मीच देते निवडून. घरान कोन रांधतं आता, तू?” मी म्हटलं, “नाही.” ती म्हणाली, “मंग तोच रांधत असल.” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी तशीच घरी परत आले. बाबांना सांगितलं, डोकं दुखतंय, झोपते. बेडरूमचं दार लावून घेतलं. पिल्लू उशीवर चढून बसलं.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज आला. मग तव्यावर काहीतरी कोरडं हलवल्याचा आवाज. मग वास. इतके दिवस तो वास घरात येत असणार आणि पिल्लाच्या घाणीत, उदबत्तीत आणि माझ्या बधिर डोक्यात विरून जात असणार. आईच्या हाताखालून यायचा तोच वास, जरा करपलेला. मी पलंगावर उठून बसले. माझ्या बाबांना त्रेसष्ट-चौसष्टाव्या वर्षापर्यंत गॅस कसा पेटवतात हे माहीत नव्हतं.

आमच्या घराची एक रचना सांगायला हवी. स्वयंपाकघराची आणि बेडरूमची खिडकी एकाच भिंतीत, शेजारी शेजारी. आईला झाडांची हौस, म्हणून बाबांनी दोन्ही खिडक्यांना मिळून एकच लांब बाहेर काढलेली ग्रिल बसवून घेतली होती. त्यात तिच्या कुंड्या, तुळस, कोरफड, एक न फुलणारा मोगरा. कबुतरं कुंड्यांत अंडी घालायला लागली तेव्हा बाबांनी बाहेरून सगळ्या ग्रिलला बारीक जाळी लावली. मी खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं. पलीकडच्या टोकाला बाबांचा हात दिसला. त्यांनी केळीच्या पानाचा तुकडा ठेवला, त्यावर तांदळाच्या भाकरीचा चतकोर आणि वर जवळा. हात जोडले. म्हणाले, “घे. आता कोन ‘न्हाय’ बोलनार न्हाय. खा पोटभर.” मग त्यांनी पाठ फिरवली, कारण आपण बघत राहिलो तर कावळा येत नाही. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला आणि हॉलमधल्या खुर्चीचा.

तेवढ्यात माझ्या पायाशी काहीतरी घासलं. पिल्लू खिडकीच्या फटीतून ग्रिलमध्ये उतरलं, कोरफडीच्या कुंडीमागून, मोगऱ्यामागून, सरावाने गेलं आणि पानाशी पोचलं. मी हाक मारू शकत होते. टाळी वाजवली असती तरी पळालं असतं. मी उभी राहिले. ते पान चाटूनपुसून साफ झालं आणि पिल्लू आलं तसं परत येऊन उशीवर बसलं, मिशा चाटत.

बाबांनी काही वेळाने दार उघडलं. रिकामं पान उचललं आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, पण मला नव्हे, म्हणाले, “बरं झालं.”

मला तेव्हा सगळं समजलं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. शेवटच्या दिवसांत आईने जवळा मागितला होता. अन्नावरची वासना गेली होती, पण एक दिवस म्हणाली, जवळा आणि भाकरी द्या, एवढासा. बाबा तिच्याजवळ होते. त्यांनी म्हटलं, बरी झालीस की खा. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच त्यांनी केलं. मग ती काही मागेनाशी झाली. खाडीवर कावळा शिवला नाही तेव्हा त्यांना कारण ठाऊक होतं. आणि आता कावळा रोज येऊन जात होता, पान रोज रिकामं होत होतं, त्यांची बायको रोज थोडी थोडी त्यांना माफ करत होती. फक्त त्या जाळीतून कावळा आत येऊच शकत नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. जाळी लावणारे तेच होते.

मी त्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार? तुमचा कावळा म्हणजे हे मांजर आहे आणि तुम्ही त्याला मारताय. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी फक्त बेडरूमची खिडकी बंद केली आणि कडी घट्ट लावली.

पिल्लू सुधारायला लागलं. आधी जुलाब कमी झाले, मग एका सकाळी ट्रेमध्ये एक नीट, घट्ट, तपकिरी लेंडी होती. मी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवला, त्यांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. आनंद व्हायला हवा होता. पण त्या संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघराच्या खिडकीत पान तसंच भरलेलं होतं आणि बाबा त्याच्यासमोर उभे होते. म्हणाले, “आजपन न्हाय आला.” दुसऱ्या दिवशीही नाही. मग त्यांनी जवळ्यात ओलं खोबरं घालून पाहिलं. कोलंबी घातली. पान पूर्वेला ठेवलं, मग दक्षिणेला. दाढी परत वाढली. खाली जाणं बंद झालं. जेवताना भात चिवडत म्हणाले, “रागावली परत. मी दिला न्हाय नं तिला तेव्हा.” मी म्हटलं, “बाबा, डॉक्टरांनी बंद केलं होतं.” ते म्हणाले, “डॉक्टर काय तिचा नवरा व्हता?”

मग मी एक दिवस रजा टाकली, कात्री घेतली आणि ते आंघोळीला गेले असताना जाळीचा एक कोपरा कापला. म्हटलं, खराच कावळा येऊ दे. कबुतरं आली. दोन जाडजूड कबुतरं येऊन जवळ्यावर बसली, काही खाल्लं नाही, पानावर घाण करून गेली. कावळा समोरच्या बिल्डिंगच्या एसीच्या खोक्यावर बसून बघत होता. मान इकडे केली, तिकडे केली आणि उडून गेला. खाडीवरचाच असेल, मला राग आला त्याचा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कशाचा तरी राग आला.

त्या रविवारी मी घरीच होते. बाबांनी पान ठेवलं, हात जोडले, काही बोलले नाहीत, दार लावून घेतलं. मी पिल्लाला बाथरूममध्ये बंद केलं, बेडरूमची खिडकी उघडली आणि ग्रिलमध्ये उतरले. सांगायला सोपं आहे. मी काही सडपातळ नाही आणि ग्रिल कुंड्यांसाठी केलेली. एक गुडघा कोरफडीत, एक मोगऱ्याच्या मातीत, डोकं वरच्या सळईला लागतंय, खाली चार मजले. खालून कोणी मान वर केली असती तर दुसऱ्या दिवशी सगळ्या सोसायटीला विषय मिळाला असता. मी सरकत सरकत पलीकडच्या टोकाला पोचले. पानावर भाकरी आणि जवळा. मेलेल्यासाठी ठेवलेलं आपण खायचं नसतं, एवढं मला कोणी शिकवायला नको होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला, जवळा घेतला आणि तोंडात घातला.

तिखट होता. लसूण करपलेला होता. मीठ कमी होतं, फार कमी, जणू हात अजूनही आजाऱ्याच्या जेवणावर चालत होता. तरी तो आईचाच जवळा होता, तिच्याच तव्यावरचा, आणि माझ्या जिभेला, टाळ्याला, नाकाला एकदम सगळं कळायला लागलं. नाक वाहायला लागलं. डोळे वाहायला लागले. आधी मला वाटलं मिरची. मग मी तिथेच, कुंड्यांमध्ये बसून, तोंडात भाकरी धरून रडले. आवाज न करता, कारण बाबा पलीकडे बसले होते. रडत रडत सगळं संपवलं. पान पुसून घेतलं.

परत आत आले, तोंड धुतलं, पिल्लाला सोडलं, खिडकीला कडी लावली. बाबांनी स्वयंपाकघराचं दार उघडलेलं ऐकू आलं. मग ते बेडरूमच्या दाराशी आले. हातात रिकामं पान होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यावरच्या मातीकडे पाहिलं, लाल झालेल्या नाकाकडे. पलंगावर पिल्लू आरामात पाय पसरून झोपलं होतं, पोट टम्म, तिकडे पाहिलं.

“जाली कापलेली दिसली मला परवा,” ते म्हणाले. “तवा ध्यानात आलं. ती मीच लावलेली. कावला येनार कुठून?”

मी गुडघ्यावरची माती झटकली.

“आधी कोन खात व्हतं ते पन कललं.” ते पलंगाच्या कडेवर बसले. पिल्लाच्या पाठीवर एक बोट ठेवलं, हलकेच, गरम तव्याला लावतात तसं. “मी तिला मारत व्हतो नं?”

“आता बरी आहे ती,” मी म्हटलं.

ते पानाची घडी घालत राहिले. मग विचारलं, “मीठ कमी पडलं ना?”

“हो. बरंच.”

“तिला जास्ती लागायचं,” ते म्हणाले. “माज्या हातून पडतच न्हाय.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले होते, पायात चप्पल घातली होती. बाबांनी स्वयंपाकघरातून हाक मारली. टेबलावर केळीचं पान होतं, त्यावर भाकरी आणि जवळा. बेडरूमचं दार बाहेरून लावलेलं, पिल्लू आत. ग्रिलमध्ये काही ठेवलेलं नव्हतं. बाबांनी पान माझ्यासमोर सरकवलं, हात जोडले, पाठ फिरवली आणि दार ओढून घेऊन हॉलमध्ये जाऊन बसले. मी खाल्लं. खारट होतं, आई करायची तसं.